फ्लॉरेन्सच्या घुमटाचं तिकीट काढण्यापूर्वी हे वाचा

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट लागत नाही. तिकीट लागतं ते घुमटावर चढायला. एका मध्यस्थ साइटनं 'ड्युओमो (म्हणजे हेच कॅथेड्रल), रांगेशिवाय प्रवेश' असं सांगून आमच्याकडून माणशी ५५ युरो घेतले आणि दारात गेल्यावर कळलं की त्यात घुमट नाहीच! जिथे कुणीही फुकट जाऊ शकतं तेच चर्च गाइडनं भराभर फिरवून दाखवलं. पैसे परत मागितले, तर उत्तरसुद्धा आलं नाही. कॅथेड्रलच्या स्वतःच्या साइटवर ब्रुनेलेस्की पास तेव्हा ३० युरोला होता आणि त्यात घुमट, घंटाघर, बाप्टिस्ट्री (समोरची बाप्तिस्म्याची इमारत), संग्रहालय सगळं येत होतं. दुसरीकडे कुठेही पैसे भरू नका.

पासवर घुमटाची वेळ ठरलेली असते, ती नंतर बदलून मिळत नाही. सीझनमध्ये चांगल्या वेळा लवकर संपतात, म्हणून हॉटेलच्याही आधी हे बुकिंग करा. घुमटाचं दार उत्तरेच्या बाजूला आहे, पोर्ता देल्ला मांदोर्ला. समोरच्या बाजूची लांबलचक रांग फुकट प्रवेशाची असते. तिच्यात उभे राहिलात तर तुमची वेळ गेलीच. मोठी बॅग वर नेऊ देत नाहीत, ती आधी ठेवून या.

पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. राजगड-तोरणा करणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, आणि दम खरंच फारसा लागत नाही. त्रास होतो तो कोंडल्याचा. घुमटाला आतलं आणि बाहेरचं अशी दोन कवचं आहेत आणि जिना त्यांच्या मधल्या फटीतून जातो. शेवटच्या टप्प्यात भिंत घुमटाच्या वळणाबरोबर अंगावर कलत येते, पायऱ्या उभ्या होतात, पुढचा माणूस थांबला की मागच्या सगळ्यांनी थांबायचं. हवा कमी, घामाचा वास भरपूर. बंद जागेची भीती असेल तर हे करूच नका, मनात आलं म्हणून मागे फिरता येत नाही. गुडघे दुखत असतील तर चढण्यापेक्षा उतरणं वाईट.

हे सगळं सोसून मी पुन्हा चढेन. १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्कीनं हा घुमट खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता उभा केला, आणि एकमेकींत तिरक्या अडकवलेल्या त्याच्या विटा त्या अरुंद जिन्यात हाताच्या अंतरावर दिसतात. मध्ये आतल्या सज्जातून जाताना वासारी आणि झुक्कारी या चित्रकारांनी छतावर रंगवलेला, बायबलमधला अंतिम न्यायनिवाडा डोक्यावर येतो. खालून ठिपक्यांएवढे दिसणारे नरकातले राक्षस इथे माणसापेक्षा मोठे आहेत. माझ्या मते पास वसूल होतो तो इथेच, वरच्या शहरदर्शनासाठी नाही.

खालचं चर्च आतून बरंचसं ओकंबोकं आहे, त्याच्या रांगेत तास घालवू नका. तिथल्या मोठ्या कलाकृती मागच्या संग्रहालयात आहेत: शिल्पकार गिबेर्तीनं १४२५ ते १४५२ अशी २७ वर्षं खपून केलेला सोनेरी दरवाजा (बाप्टिस्ट्रीला आता नक्कल आहे), दोनातेल्लोची लाकडातली कृश मॅग्डालेन (येशूची शिष्या), आणि मायकेलअँजेलोनं स्वतःच हातोडा घालून फोडलेली पिएता (येशूचं शव धरून शोक करणाऱ्यांचं शिल्प). गर्दी अगदी कमी. पास तीन दिवस चालतो, हे दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

उफिझी या चित्रसंग्रहालयाचं तिकीटही अधिकृत साइटवरूनच काढा, सोमवारी बंद असतं. बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोर सगळी शक्ती संपवू नका, काराव्हाज्जोची चित्रं खालच्या मजल्यावर, शेवटी आहेत.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी पुरते. एक युरोची नाणी जवळ ठेवा: सांता त्रिनिता चर्चच्या सास्सेत्ती चॅपेलमध्ये नाणं टाकल्यावर दिवा लागतो आणि मगच गिरलांदायोची भित्तिचित्रं नीट दिसतात.

आणि मराठी माणसानं कास्चिने बागेत जावंच. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० मध्ये या शहरात वारले, अवघ्या विसाव्या वर्षी. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जागा बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. भर उन्हात चालत निघू नका, सायकल भाड्यानं घ्या. रस्ता सपाट आहे.