संत्र्याच्या बगीच्यात शिराझ

नागपूरहून अमरावतीकडे जायचं म्हटलं की कुणीही कोंढाळी-कारंजा-तळेगावचा हायवे सांगेल, पण डिकीत वाईनच्या बाटल्या असतील तर तो रस्ता विसरायचा. मधे वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे 1975 पासून दारूबंदी. समृद्धीवरून गेलं तरी तेच. नुसतं पार व्हायचं असलं तरी नाक्यावर उभं राहून कोण समजावत बसणार, म्हणून आम्ही काटोल-जलालखेडा-वरूड असा रस्ता धरला. मधेमधे रस्ता एकदम बेक्कार आहे, पण जानेवारीचं ऊन, दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे, मृग बहाराची फळं अजून झाडावर, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. आणि गंमत बघा, जिल्हा चुकवला तरी जलालखेड्याच्या पुढे वर्धा नदी ओलांडावीच लागते!

गाडीत मी, माझा मेव्हणा आणि त्याचा एक मित्र जो चार वर्षं फ्रान्समध्ये राहून आलाय. तिघंही वाईनवाले, आणि तिघांचं शिराझ या रेड वाईनवर एकमत होणं अशक्य. मित्राचं म्हणणं, खरी ती फ्रान्सची सिराह, तीही ऱ्होन खोऱ्याच्या उत्तरेकडच्या भागातली, एर्मिटाज, कोर्नास, कोत-रोती वगैरे, बाकी सगळा काळा जाम. मेव्हण्याला नेमका तो जामच आवडतो, ऑस्ट्रेलियाची जाडजूड, साडेचौदा टक्के अल्कोहोलवाली बरोसा शिराझ. माझं म्हणणं साधं होतं की रोजच्या जेवणाबरोबर उघडताना छातीत धस्स होणार नाही अशी बाटली हवी, मग ती नाशिकची का असेना.

वादात मेव्हण्याने ते इराणचं पुराण काढलंच, शिराझ शहरातून द्राक्ष आलं म्हणे. ते 1998 ला निकालात निघालं. डीएनए तपासल्यावर कळलं की सिराहचे आईबाप म्हणजे द्युरेझा आणि मोंद्यूज ब्लांश, दोन्ही फ्रान्सचीच जुनी द्राक्षं. म्हणजे सिराह आणि शिराझ एकच, ऑस्ट्रेलियातल्या वाईनचा जनक मानल्या जाणाऱ्या जेम्स बस्बीने 1832 मध्ये त्याच्या काड्या ऑस्ट्रेलियाला नेल्या आणि तिथल्या उन्हात ते वेगळं वागायला लागलं. एवढं सांगूनही मेव्हणा ऐकेना, तर जाऊ द्या.

मुक्काम वरूडच्या अलीकडे मेव्हण्याच्या मामांकडे, वावरातल्या घरात. मामा संत्रावाले, तिसरी पिढी. गाडीतून उतरत नाही तोच, "या जावईबापू, लय उशीर केला गा!" आणि मेव्हण्याला, "काऊन बे, वजन वाढलं तुयं." बाटल्या बघून मामांनी कपाळाला आठी घातली नाही, उलट विचारलं, "थंड पाहिजे का ह्या?" रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवायची नाही पण गाडीत तापलेलीही प्यायची नाही, तर मामांनी त्या सरळ मोटारीच्या हौदात सोडल्या, बोअरचं पाणी पडत होतं तिथे.

तासाभराने काढल्या तर दोन बाटल्यांची लेबलं पाण्यावर तरंगतायत. दोन्ही नाशिकच्या, दोन्हीला फिरकीचं झाकण: एक साधी शिराझ-कॅबर्ने, दुसरी दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, जी ओकच्या पिंपात ठेवलेली असते आणि बरीच महाग पडते. मला बाटलीच्या वजनावरून कळत होतं कोणती कोणती ते. बोललो नाही.

अंधार पडेपर्यंत मामा बगीचा दाखवत फिरले. मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पाऊस पडला की फूट येते, तो मृग. हिवाळ्यात ताण दिला तर आंबिया. बोअर हजार फुटाच्या खाली गेलेत ते वेगळं. मी त्यांना सांगितलं की नाशिकलाही द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि पीक जानेवारी ते मार्चमध्ये. फ्रान्समध्ये थंडी पडली की वेल आपोआप झोपते, तिथे एकच छाटणी. मामा थांबले. "मंग एप्रिलच्या छाटणीचं पीक घेत नाईत का?" नाही, त्यातून नुसत्या काड्या तयार करून घ्यायच्या, घड पुढच्या छाटणीला. "हां, म्हंजे पाऊस चुकवला त्यायनं." वाईनवर वर्ग घेणाऱ्या लोकांना जे समजवायला अर्धा तास लागतो ते मामांना दोन वाक्यांत कळलं होतं.

रात्री रोडगे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वरची राख झटकून फोडायचे, आत पदर सुटलेले असतात, त्यात तूप ओतायचं आणि वर वांग्याची भाजी, बोटभर तर्री. मामी म्हणाल्या तिखट बेतानंच टाकलंय. त्यांचं बेतानं म्हणजे आमच्या कानातून धूर.

इथे बाटल्यांची खरी परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियाची आधी उघडली आणि पहिल्या दोन घोटांत मेव्हणासुद्धा गप्प झाला, कारण तिखटावर जास्त अल्कोहोल गेलं की जाळ दुप्पट होतो, वांग्याची चव बाजूलाच राहते. दिंडोरी रिझर्व्ह नुसती प्यायला छान वाटली, पण ओकचा व्हॅनिलासारखा वास खोबऱ्या-शेंगदाण्याच्या वाटणाशी जमेना. मित्राने दुसऱ्या बिनलेबलच्या बाटलीतलं ओतून घेतलं, तुपाचा घास खाल्ला, परत ओतून घेतलं आणि म्हणाला हीच महागडी असणार, हिच्यात मोकळेपणा आहे. ती साधी होती, हजाराच्या आतबाहेरची. मी आता सांगितलं तर चेहरा बघण्यासारखा झाला त्याचा.

मग त्याने स्वतःची काढली, ड्यूटी फ्रीच्या दोन लिटरच्या मर्यादेत बसवून आणलेली क्रोझ-एर्मिटाज. एर्मिटाज टेकडीच्या आजूबाजूचा हा मोठा भाग, शेजारच्या नावाजलेल्या वाईनच्या मानाने बऱ्याच कमी पैशात मिळते, फ्रान्समध्ये शहाणे लोक हीच घेतात म्हणे. ग्लास नाकाशी नेला आणि मला थेट काळे मिरे, ताजे कुटलेले. धुराचा वास चुलीचा की वाईनचा ते कळेना. रोडग्याच्या करपलेल्या कडेबरोबर तर काय लागत होती! मेव्हण्याला मात्र काहीच नाही. "आंबट पाणी आहे बे हे."

मी आधी त्याला अडाणीच ठरवलं असतं, पण यात त्याचा दोष नसेलही. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधकांनी शिराझमधला मिऱ्याचा वास कशाने येतो ते शोधलं. रोटंडोन नावाचा पदार्थ, काळ्या मिऱ्यातही तोच. आणि त्यांनी वास घ्यायला बसवलेल्या लोकांपैकी साधारण 20 टक्के लोकांना तो भरपूर घातला तरी येतच नव्हता. मामींनी खलबत्त्यात मिरे कुटून त्याच्या नाकाखाली धरले तर ते ओळखले त्याने, पण मिऱ्यात इतरही वास असतात, वाईनमध्ये तेवढे कुठले. हा पदार्थ थंड हवेत सावकाश पिकलेल्या द्राक्षात जास्त सापडतो, म्हणजे मित्र ज्या वाईनवर जीव टाकतो ती मेव्हण्याच्या नाकाला अर्धी पोचतच नसेल, आणि उन्हातला जाम पूर्ण पोचतो. दहा वर्षं भांडतायत दोघं.

मामांनी चारही चाखल्या, मधे एक संत्रं सोलून खाल्लं आणि पुढच्या घोटाला तोंड वाकडं केलं. गोड फळानंतर रेड वाईन कडू लागणारच.

दुसऱ्या दिवशी मोर्शी करत परतवाड्याकडे निघालो तेव्हा डिकी रिकामी. वाटेत एका गावात वाईन शॉप दिसलं. आपल्याकडे वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं असतं, इथे निदान पाच-सहा बाटल्या होत्या, सगळ्यात वरच्या फळीवर, पत्र्याखाली, उभ्या, धूळ खात. दुकानदाराने विचारलं, "डॉक्टरनं सांगतली का?" मित्राला फ्रेंच दिसेना म्हणून तो नाराज, पण फ्रान्सची बाटली इथवर येईल कशी, 150 टक्के ड्यूटी भरून आलेली बाटली शहराबाहेर कोण ठेवेल. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर 2022 पासून व्यापार करार लागू आहे, पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीची ड्यूटी तेव्हा 100 टक्क्यांवर आली आणि दरवर्षी उतरत जाणार, म्हणजे मेव्हण्याचे दिवस चांगले आहेत.

मी स्टुलावर चढून एकेक बाटली फिरवून मागच्या लेबलवरचा पॅकिंगचा महिना बघितला. विदर्भात माझ्या मते ब्रँड, पॉइंट, मेडल सगळं नंतर. इथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि पत्र्याखालच्या त्या फळीवर त्याहून जास्तच, तिथे एक उन्हाळा काढलेली बाटली म्हणजे शिजलेली मनुकाच, मग ती कितीही किमतीची असो. बुचाच्या बाटलीचं बूच वर सरकलंय का, मानेपाशी चिकट ओघळ आहे का तेही बघायचं. एका महागड्या बाटलीवर दीड वर्षापूर्वीचा महिना होता, ती परत ठेवली. मागे एक साधी नाशिकची शिराझ, नोव्हेंबरचं पॅकिंग, म्हणजे थंडीतच आलेली. तीच घेतली, दोन. दुकानदार म्हणाला, "ह्या तर स्वस्तवाल्या हाय भाऊ, वरची घ्या ना."

मेव्हण्याने विचारलं ऑस्ट्रेलियाची आहे का. नव्हती. त्याने बिअर घेतली आणि आम्ही परतवाड्याच्या रस्त्याला लागलो.