प्रथमावृत्तीचा माग : दसऱ्यापासून चैत्रापर्यंतच्या नोंदी

गेल्या दसऱ्यापासून आधुनिक मराठी कादंबऱ्यांच्या प्रथमावृत्त्यांचा शोध मी थोड्या अधिक शिस्तीने सुरू केला. त्या काळात घेतलेल्या, नाकारलेल्या आणि अजून निर्णय न झालेल्या प्रतींच्या नोंदी याच छंदात रमलेल्या मित्रांसाठी येथे लिहून ठेवत आहे. संग्रहाची मर्यादा १९३९ ते १९७४ अशी आखली आहे, म्हणजे विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’पासून किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’पर्यंत. ही मर्यादा आखताना वाङ्मयीन आवड होतीच, पण व्यावहारिक विचारही होता. या पस्तीस वर्षांत चलन बदलले, शुद्धलेखन बदलले, टपालाचे पत्ते बदलले आणि आपले नागपूर तर एका राज्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात गेले. या प्रत्येक बदलाची खूण पुस्तकावर उमटते आणि ती वाचता आली, तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

शीर्षकपृष्ठाच्या मागे ‘प्रथमावृत्ती’ किंवा ‘आवृत्ती पहिली’ असे छापलेले दिसले की आपल्यापैकी अनेकांचा हात खिशाकडे जातो. माझे मत असे झाले आहे की हा शब्द तपासणीची सुरुवात आहे, निकाल नव्हे. मराठी प्रकाशनव्यवहारात ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ या दोन शब्दांची सरमिसळ फार जुनी आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत मुद्रणाचा क्रम सांगणारी जी अंकांची ओळ असते, तिचा आधार या काळातील मराठी पुस्तकांना मिळत नाही. शिवाय पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले की नवा प्रकाशक स्वतःच्या पहिल्या छपाईलाही ‘पहिली आवृत्ती’ म्हणू शकतो. ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली आणि पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. तेव्हा मुखपृष्ठावर किंवा आत पॉप्युलरचे नाव असलेली प्रत, त्या पानावर १९६३ हे वर्ष ठळक दिसत असले तरी, पहिल्या आवृत्तीची असू शकत नाही. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात दिवाळीनंतर मला अशीच एक प्रत दाखवण्यात आली. आवृत्त्यांच्या यादीतील पहिल्या ओळीवर विक्रेत्याने बोट ठेवले होते आणि नेमक्या त्याच बोटाखाली पुढच्या ओळी झाकल्या गेल्या होत्या. त्यात लबाडी होती असे मला वाटत नाही. पण प्रत मी परत ठेवली.

किंमत ही माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी खूण आहे. दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांवर रुपये-आण्यांचा हिशेब दिसतो. त्यानंतर ‘नवे पैसे’ आले आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गळाला. आण्यांची सवय लोकांच्या जिभेवरून लगेच गेली नाही आणि छापखान्यातूनही एका रात्रीत गेली नसेल, हे लक्षात ठेवावे. तरीही १९५५ चे म्हणून दाखवलेल्या पुस्तकावर नव्या पैशांतील किंमत छापलेली असेल, तर पुढे काही बोलण्याची गरज उरत नाही. छापील किमतीवर चिकटवलेली सुधारित किमतीची पट्टी मात्र वेगळ्या नजरेने पाहावी. प्रकाशक अनेकदा छापलेले सगळे फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले पानांचे जुडगे) एकदम बांधून घेत नसत; मागणी येईल तसे थोडे थोडे बांधले जात. म्हणून पट्टी असलेल्या प्रतीतला मजकूर पहिल्या छपाईचाच असू शकतो, बांधणी आणि वेष्टन, म्हणजे पुठ्ठ्यावरचे सुटे कागदी आवरण, मात्र नंतरचे असते. अशी प्रत मी नाकारत नाही, पण तिला पूर्ण भावही देत नाही.

पत्त्यांचेही तसेच. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे २’ असा छोटा विभाग-क्रमांक असे. प्रकाशकाच्या किंवा मुद्रकाच्या पत्त्यात सहा आकडे दिसले, की ते पान १९७२ नंतर छापले गेले हे निश्चित समजावे. पुस्तकाच्या शेवटी ‘आमची इतर प्रकाशने’ अशी जी जाहिरात असते तीही वाचावी, कारण नंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नाव तिथे दिसले तर प्रतीचे वय आपोआप कमी होते. पुरस्कारांचा उल्लेख हा याच जातीचा पुरावा आहे. ‘ययाति’ १९५९ ची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६० चा आणि खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४ चे. ‘स्वामी’ १९६२ ची आणि तिचा अकादमी पुरस्कार १९६४ चा. वेष्टनावर पुरस्काराची ओळ असेल तर ते वेष्टन पहिल्या छपाईसोबत आलेले नाही. दुर्मिळ वेष्टन दुसऱ्या प्रतीवरून काढून चढवण्याचा प्रकार या व्यवहारात होतोच, म्हणून वेष्टनाच्या घड्या पुस्तकाच्या जाडीशी जुळतात का आणि त्याच्या कण्याचा रंग जितका उडाला आहे तितका पुठ्ठ्याचा कणा वाचला आहे का, हे मी दर वेळी पाहतो.

काही पुस्तकांवर वर्ष शालिवाहन शकात छापलेले असते, त्याने बिचकण्याचे कारण नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. फक्त पौष ते फाल्गुन या काळात बहुधा ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८८४ म्हणजे १९६३ चा जानेवारी-फेब्रुवारी. विक्रेत्यांच्या याद्यांत वर्षाचा जो घोळ दिसतो, त्यातला बराचसा इथून येतो.

शुद्धलेखनाची खूण मला विशेष प्रिय आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरीं’ यांच्या डोक्यावरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या कादंबरीची प्रत हातात घेऊन मधले कोणतेही पान उघडावे. अनुस्वार नसतील तर मजकूर नव्याने जुळवलेला आहे असा संशय घ्यावा. हा नियम उलट दिशेने मात्र लावता येत नाही, कारण काही लेखक आणि काही छापखाने १९६२ नंतरही जुन्याच वळणाने चालत राहिले, आणि काही जण त्याआधीच अनुस्वार टाकून मोकळे झाले होते. त्याच पानावर बोट फिरवावे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या छपाईत अक्षराचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला हलका उठलेला जाणवतो. ऑफसेटवर जुन्या पानांचे छायाचित्र घेऊन काढलेल्या प्रतीत अनुस्वार जसेच्या तसे राहतात, दाब मात्र येत नाही. तिरप्या उजेडात हे डोळ्यांनाही दिसते. पानाच्या तळाशी दर सोळा पानांनी येणारा फर्म्याचा बारीक क्रमांकही तपासावा. पानांचे आकडे सलग असूनही एखादा फर्मा दुसऱ्या आवृत्तीतून आणून जोडलेला असू शकतो, आणि कागदाच्या पिवळेपणातला फरक ते उघड करतो.

संक्रांतीच्या सुमारास नागपूरच्या महाल भागातील एका रद्दीवाल्याकडे आलेल्या गठ्ठ्यात ‘बनगरवाडी’ची प्रत मिळाली, आणि या हंगामातील सर्वांत समाधान देणारी तपासणी तिचीच झाली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी मौज प्रकाशनाने १९५५ मध्ये काढली. माझ्या प्रतीला वेष्टन नाही आणि कणा वाचनालयाच्या जाड कापडाने पुन्हा मढवलेला आहे. पण आरंभीची सर्व पाने जागेवर आहेत आणि शीर्षकपृष्ठावर एका ग्रामीण वाचनालयाचा लंबगोल शिक्का आहे. त्या शिक्क्यात जिल्ह्यानंतर ‘मध्यप्रदेश’ असे अक्षर आहे. आपल्या पिढीला ही चूक वाटेल, पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाचीच राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. अर्थात शिक्का हा रबराचा असतो आणि राज्य बदलले म्हणून गरीब वाचनालय लगेच नवा करून घेत नाही, त्यामुळे एकट्या शिक्क्याला मी पुरावा मानला नसता. शिक्क्याखाली दाखल क्रमांक आणि १९५६ च्या उन्हाळ्यातील तारीख शाईने लिहिलेली आहे, त्यामुळे दोन्ही एकमेकांना आधार देतात. पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना वाचनालयाचा शिक्का म्हणजे डाग वाटतो आणि भाव निम्म्यावर येतो. विदर्भातील प्रतींच्या बाबतीत मी तसे मानायला तयार नाही. तारीख असलेला वऱ्हाडी किंवा नागपुरी शिक्का ही प्रतीची जन्मपत्रिकाच समजावी.

भावाबद्दल त्या रद्दीवाल्या गृहस्थांशी जे बोलणे झाले ते नोंदवण्यासारखे आहे. कणा बदललेला आहे, वेष्टन नाही, असे मी म्हणताच ते म्हणाले, “भाऊ, आतलं सगळं तर तुम्ही मघापासून वाचून राहिले, आता बाहेरचं कशाला काढता?” युक्तिवाद बिनतोड होता. मी घासाघीस थोडक्यात आटोपली.

वाचनालयाच्या बांधणीत खरा धोका शिक्क्याचा नसून कात्रीचा असतो. बांधणारा कडा कापतो तेव्हा समास जातो, आणि शेवटची जाहिरातीची पाने निरुपयोगी म्हणून फेकली जातात. म्हणजे कालनिर्णयाचा अर्धा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून प्रतींची प्रतवारी करताना मी आता वेष्टनापेक्षा आरंभीच्या आणि शेवटच्या पानांना वरचे स्थान देतो. चित्रकार दीनानाथ दलालांचे वेष्टन शाबूत असेल तर आनंदच आहे आणि त्याचे पैसे वेगळे मोजावेत, पण वेष्टन उत्तम आणि शीर्षकपृष्ठ गहाळ अशी प्रत माझ्या लेखी अभ्यासाची वस्तू आहे, संग्रहाची नाही. ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का असलेल्या प्रती मात्र सोडू नयेत. त्या प्रकाशनाच्या वेळीच परीक्षकांकडे गेलेल्या असतात, आणि विक्रेते त्यांना अजून ‘फुकटची प्रत’ म्हणून हिणवतात, हे आपल्या पथ्यावरच पडते. लेखकाच्या सहीखालची तारीख पुस्तकाच्या वर्षाच्या जवळची आहे की दशकानंतरची, हे पाहूनच सहीचा भाव ठरवावा.

आता चैत्र लागला आहे आणि नागपूरकराला पुस्तकांच्या आरोग्याचा विचार करणे भाग आहे. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो तेव्हा सरस आणि खळ ठिसूळ होते, पुठ्ठे वाकतात, आणि त्या काळातील आम्लधर्मी कागद आणखी कडकडीत होतो. त्याहून घातक आपला कूलर. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असताना खोलीत तो दमट वारा सोडतो, दुपारी वीज गेली की सगळे पुन्हा वाळते, आणि या रोजच्या फुगण्या-आकसण्याने शिलाई सैल पडते व पानांवर तांबूस ठिपके धरतात. कपाट मी कूलरच्या झोतातून काढून आतल्या, उत्तरेकडच्या भिंतीला, पण भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले आहे, आणि आत आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवले आहे. काटा पन्नाशीच्या आसपास राहिला की पुरे. मऊ पीव्हीसी आवरणे काढून टाकली, कारण उष्णतेत ती वेष्टनावरील शाईला चिकटतात. त्यांच्या जागी पॉलिएस्टरची पारदर्शक आवरणे घातली. चिकटपट्टी कोठेही वापरलेली नाही. कसर लागल्याचा संशय असलेल्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतो आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाही, नाहीतर बाष्प थेट कागदावर जमते. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या आहेत. त्यांचा उपयोग किती होतो यावर घरात दोन मते आहेत.

निर्णय न झालेली प्रत एकच आहे : ‘स्वामी’ची, देशमुख आणि कंपनीचे नाव असलेली, वर्ष १९६२, वेष्टनासह. शेवटचा फर्मा इतरांपेक्षा पांढरा आहे. विक्रेता ती जूनपर्यंत राखून ठेवायला तयार आहे. खात्रीची प्रथमावृत्ती ज्यांच्याकडे असेल त्यांनी शेवटच्या सोळा पानांचा कागद, तळाचा फर्मा-क्रमांक आणि मुद्रकाचे नाव कोठे छापले आहे एवढे पाहून कळवावे. अदलाबदलीसाठी माझ्याकडे ‘ययाति’ची एक जादा प्रत आहे, दुसऱ्या आवृत्तीची, वेष्टन कोपऱ्यांत फाटलेले, बाकी सर्व पाने शाबूत.