अपोलो १३ लॉग, भाग ७: ओडिसीने अक्वेरियसला चार्ज दिला

मंडळी, चंद्राकडे निघालेली अपोलो १३ मोहीम मी कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर (सिम) उडवतोय, मधे दोन महिने काही लिहिलं नाही कारण याच एका टप्प्यावर अडकलो होतो. मागच्या भागात आपण उड्डाणानंतर ५५ तास ५५ मिनिटांवर थांबलो होतो, म्हणजे ऑक्सिजनची टाकी क्रमांक २ फुटलीय, यान पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास आहे आणि ओडिसी या मुख्य यानाचे (कमांड मॉड्यूल) वीज बनवणारे फ्युएल सेल एकामागून एक मान टाकतायत. या भागात फक्त पुढचे पावणेतीन तास. ओडिसी झोपवायची आणि अक्वेरियस, म्हणजे तिला जोडलेलं चंद्रावर उतरायचं यान (लूनर मॉड्यूल), उठवायची, बस एवढंच काम. पण चौथ्यांदा केलं तेव्हा जमलं, आणि जमल्यावर मी रात्री पावणेदोनला एकटाच टाळ्या वाजवल्या, बायको उठून बघायला आली.

नवीन लोकांसाठी सेटअप थोडक्यात. ऑर्बिटर २०१६ हा अंतराळ सिम्युलेटर, त्यावर एनएएसएसपी हे अपोलोचं ॲड-ऑन, ज्यात अपोलोचा खरा कॉम्प्युटर प्रोग्रॅम एम्युलेटरवर जसाच्या तसा चालतो, कमांड मॉड्यूलचा वेगळा आणि लूनर मॉड्यूलचा वेगळा, दोन्ही एकाच वेळी जागे असू शकतात. एक जुनी जॉयस्टिक, प्रिंट काढून फाइलला लावलेली चेकलिस्ट, स्टॉपवॉच. आणि ह्यूस्टन, म्हणजे जमिनीवरचं नियंत्रण केंद्र, म्हणून सांगलीचा माझा मावसभाऊ फोनवर, त्याला ऑर्बिटरमधलं काही कळत नाही पण तो कागद-पेन घेऊन बसतो आणि मी सांगितलेले आकडे तपासतो. हे का लागतं ते पुढे येईलच.

मी बॉयलर हाऊसला शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे चार्ज देणं-घेणं हा माझा रोजचा विषय. रजिस्टरवर सही केली की चार्ज दिला असं कागदावर होतं, पण खरा चार्ज म्हणजे फीड पंपाचा आवाज आज जरा वेगळा येतोय, अमुक व्हॉल्व्ह अर्धाच बंद होतोय, हे समोरच्याच्या डोक्यात जाणं. ते गेलं नाही तर पुढच्या माणसाच्या हातात चाव्या असतात आणि माहिती काहीच नसते. अपोलो १३ मध्ये नेमकं हेच यानाच्या बाबतीत करायचं होतं. आधी मला वाटायचं की अवघड भाग म्हणजे लूनर मॉड्यूलची वीज चालू करणं, ब्रेकर, पंप, ऑक्सिजन वगैरे. तो भाग लांबलचक आहे, पण पॅनल ११ आणि १६ वरचे ब्रेकर यादीप्रमाणे दाबत गेलं की होतो. अवघड आहे ते दिशेचं.

हे जरा नीट सांगतो. यानात एक प्लॅटफॉर्म असतो, जायरोवर स्थिर राहिलेला, यान कसंही फिरलं तरी ताऱ्यांच्या हिशोबाने तो हलत नाही. त्याच्या भोवती तीन कड्या, त्यांना जिंबल म्हणतात, आणि त्या तीन कड्यांच्या कोनांवरून कॉम्प्युटरला कळतं की आपलं तोंड कुठे आहे. ओडिसीचा प्लॅटफॉर्म बरोबर लावलेला होता. अक्वेरियसचा बंद होता, म्हणजे चालू केला तरी त्याला काहीच माहीत नाही, दिशा म्हणजे काय हेच माहीत नाही. एरवी दुर्बिणीतून दोन तारे बघून प्लॅटफॉर्म लावून घेता येतो, पण त्या दिवशी खिडकीबाहेर स्फोटाचे तुकडे आणि गळणाऱ्या ऑक्सिजनचा ढग उन्हात चमकत होता, खरा तारा कुठला आणि कचरा कुठला हे ओळखायला येत नव्हतं. म्हणजे ओडिसी बंद व्हायच्या आत तिच्याकडून दिशा काढून घेतली नाही तर गेली. आणि ओडिसीकडे वीज किती, तर ह्यूस्टनने शेवटी पंधराएक मिनिटांचा अंदाज दिला होता. तीन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी ४० अँपिअर-अवर, पण त्या परत येताना वातावरणात शिरायच्या वेळी लागणार होत्या, त्यांना हात लावायचा नव्हता.

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. मी घाईघाईत आधी वीज वाचवायला सुरुवात केली, ओडिसीतलं एकेक बंद करत गेलो आणि त्या नादात प्लॅटफॉर्मचा ब्रेकरही खेचला. पलीकडे अक्वेरियस मस्त चालू, दिवे लागलेले, आणि तिला माहितीच नाही की ती कुठे बघतेय. सिममध्ये कचऱ्याचा ढग नाही, तारे स्वच्छ दिसतात, त्यामुळे दोन तारे बघून प्रश्न सुटला असता, पण मी सुरुवातीलाच नियम केलाय की त्यांना जे दिसत नव्हतं ते मीही बघायचं नाही. सेव्ह डिलीट केला.

दुसऱ्या वेळी क्रम बरोबर ठेवला. आधी अक्वेरियसची वीज, मग तिचा कॉम्प्युटर, मग प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्मला वीज दिली की ९० सेकंद गप्प बसावं लागतं, नो ॲट (दिशा अजून तयार नाही) दिवा लागलेला असतो, तोपर्यंत काही करायचं नाही. ती ९० सेकंद फार लांब वाटतात. मग ओडिसीत एफ३ बटणाने उडी मारायची, व्हर्ब ०६ नाउन २० ही कॉम्प्युटरची आज्ञा मारायची, बाहेरची, आतली, मधली कडी या क्रमाने तीन आकडे येतात ते कागदावर उतरवायचे, आणि मग गणित.

गणित यासाठी की दोन्ही यानं नाकाला नाक लावून जोडलेली असतात, आमनेसामने, त्यामुळे एकाचे कोन दुसऱ्याला जसेच्या तसे चालत नाहीत. बाहेरच्या कडीसाठी ३०० अधिक डॉकिंग रिंगवरचा (दोन्ही यानं जोडणाऱ्या कडीवरचा) आकडा, त्यातून ओडिसीचा कोन वजा. आतल्या कडीसाठी ओडिसीच्या कोनात १८० मिळवायचे. मधल्या कडीसाठी ३६० मधून ओडिसीचा कोन वजा. पाचवी-सहावीतलं पोर करेल असं गणित. डॉकिंग रिंगचा आकडा मी शून्य धरला, खऱ्या मोहिमेच्या कमांडर लॉवेलच्या वेळी तो उणे २ अंश होता.

माझे आकडे होते ४१.३०, २१२.६४ आणि ३४७.१५. मी भराभर उत्तरं लिहिली, २६८.७०, ३२.६४, १२.८५, आणि फोनवर वाचून दाखवली. पलीकडे जरा वेळ शांतता, मग मावसभाऊ म्हणाला, "दादा, तीनशेतून एक्केचाळीस पॉइंट तीस गेले तर दोनशे अठ्ठावन्न पॉइंट सत्तर उरतात, तू अडुसष्ट कुठून आणलेस?" हातचा घ्यायला विसरलो होतो. दहा अंश चूक! त्या दहा अंशांवर मी पुढचा बर्न दिला असता तर इंजिन भलतीकडेच तोंड करून पेटलं असतं, आणि कॉम्प्युटरने एक शब्द काढला नसता, कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं.

आणि इथे मला लॉवेलबद्दल जे वाटलं ते मनापासून लिहितो. तो तेव्हा चौथ्यांदा अंतराळात गेलेला माणूस, जेमिनीत दोनदा, अपोलो ८ मधून चंद्राला जाऊन आलेला. त्याने ही बेरीज-वजाबाकी चेकलिस्टच्या पानावर पेनाने केली आणि ह्यूस्टनला सांगितलं की माझं गणित जरा तपासा. तिकडे खाली लोकांनी कागदावर तेच गणित करून बरोबर असल्याचं कळवलं. ते हाताने केलेल्या गणितांचं चेकलिस्टचं पुस्तक २०११ मध्ये लिलावात ३ लाख ८८ हजार डॉलरला गेलं, त्यावरून मालकी कोणाची असा वादही झाला आणि २०१२ मध्ये अमेरिकेत कायदाच करावा लागला की अशा वस्तू अंतराळवीरांच्याच. मला त्या किमतीपेक्षा ते पान जास्त महत्त्वाचं वाटतं. यानाचा कमांडर, यान मरतंय, आणि तो वजाबाकी तपासून मागतोय. आमच्याकडे पंधरा वर्षं झालेल्या माणसाला रीडिंग परत घ्या म्हटलं तर राग येतो.

तर गणित दुरुस्त करून अक्वेरियसमध्ये व्हर्ब ४१ नाउन २०, अधिक २५८७०, अधिक ०३२६४, अधिक ०१२८५, एंटर. डिस्कीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बटणं-आकड्यांच्या पॅनलवर, दशांश चिन्ह नसतं, शेवटचे दोन आकडे अंशाच्या शंभराव्या भागाचे. एंटर दाबल्यावर समोरचा दिशा दाखवणारा काळा-पांढरा गोळा गरकन फिरून जागेवर येऊन बसतो. तो क्षण या अख्ख्या मिशनमधला मला सगळ्यात आवडलेला क्षण आहे. आत्तापर्यंत आंधळं असलेलं यान एकदम बघायला लागतं.

पण दुसरा प्रयत्नही पाण्यात गेला, वेगळ्या कारणाने. दिशा दिली पण सुकाणू दिलं नाही. ओडिसीचा कॉम्प्युटर अजून स्वतःच्या थ्रस्टरनी (छोट्या जेटनी) यान धरून ठेवत होता आणि मी इकडे अक्वेरियसला ॲटिट्यूड होल्डला, म्हणजे दिशा धरून ठेवण्यावर, टाकलं. दोघांनी यान धरलं! एक जरा ढकलतंय, दुसरं परत खेचतंय, थ्रस्टर टकटकटक वाजतायत आणि इंधनाचा काटा दोन्हीकडे खाली. मला आधी कळेचना काय चाललंय, मग एफ३ ने ओडिसीत जाऊन बघितलं तर तिकडेही जेट उडतायत. एका शिफ्टला दोन इनचार्ज. तोपर्यंत अक्वेरियसचं इतकं इंधन गेलं होतं की पुढे न्यायला मन झालं नाही.

तिसऱ्या वेळी मधे वीज गेली, घरातली, त्याबद्दल काही लिहीत नाही.

चौथ्या वेळी क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. दिशा, मग सुकाणू सोडणे, मग सुकाणू घेणे, मग दिवे बंद. ओडिसीला फ्री केलं, यान अगदी हळू वाहायला लागलं, लगेच एफ३, अक्वेरियस होल्डला. मधे जी काही सेकंदं यान कोणाच्याच हातात नसतं त्यात मधल्या कडीचा कोन बघत राहायचं, तो ७० च्या पुढे गेला की दिवा लागतो आणि ८५ ला जिंबल लॉक, म्हणजे इतकी मेहनत करून दिलेली दिशा परत गायब. माझा २१ पर्यंत गेला आणि थांबला.

एक गोष्ट डीएपीची, म्हणजे थ्रस्टर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. अक्वेरियसच्या कॉम्प्युटरला व्हर्ब ४८ मध्ये सांगावं लागतं की तू एकटी नाहीस, तुझ्या डोक्यावर ओडिसी जोडलेली आहे. पहिला आकडा २ म्हणजे फक्त लूनर मॉड्यूल, ३ म्हणजे ओडिसीसकट. मी सुरुवातीला २ च ठेवला होता आणि यान डुलत होतं, कारण जवळजवळ तीस टनांचं ओझं डोक्यावर असताना कॉम्प्युटर ते नाहीच असं समजून जेट मारत होता. ३ केलं, वजनं भरली, शांत झालं. हाताने उडवायचं तरी मात्र वेगळंच आहे. वजनाचा मध्य भलतीकडे सरकलेला, जॉयस्टिक एका बाजूला दाबावी तर नाक तिसरीकडेच जातं. लॉवेललाही तिथे नव्याने उडवायला शिकावं लागलं होतं, आता का ते हाताला कळलं.

मग ओडिसीचे दिवे. खऱ्या मिशनमध्ये लॉवेल आणि त्याचा साथीदार हेझ अक्वेरियसमध्ये होते आणि तिसरा अंतराळवीर स्वायगर्ट मागे ओडिसीत एकेक स्विच बंद करत होता. कमांड मॉड्यूल हे त्याचं यान, आणि तो फ्लाइटच्या दोन-तीन दिवस आधी मॅटिंग्लीच्या जागी आलेला. मी तो भाग मुद्दाम हळू केला. पॅनलवरचे दिवे एकेक गेले, शेवटी डिस्की काळी झाली, ५८ तास ४१ मिनिटं. सिममध्ये आवाजही बंद होतो, पंख्यांची घरघर जाते, तेव्हा अंगावर काटा आला.

आणि हे सगळं चालू असताना जमिनीवरही चार्ज बदलत होता, हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. स्फोट झाला तेव्हा ह्यूस्टनमध्ये फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झच्या व्हाइट टीमची शिफ्ट संपत आलेली. साधारण तासाभरात ग्लिन लनीच्या ब्लॅक टीमने चार्ज घेतला, आणि अक्वेरियस उठवण्याचं बरंचसं काम लनीच्या हाताखाली झालं. क्रान्झने खुर्ची सोडली म्हणून तो घरी गेला नाही, टीम घेऊन बाजूला बसला आणि ओडिसी परत कशी उठवायची याच्या मागे लागला. लोकांना नाव क्रान्झचंच माहीत असतं. मी शिफ्टवाला माणूस आहे म्हणून म्हणा, पण आग लागलेली असताना येऊन शांतपणे चार्ज घेणारा आणि पहिल्या माणसाने सुरू केलेलं काम न तोडता पुढे नेणारा लनी मला तितकाच मोठा वाटतो.

शेवटी तपासणी. त्यांनी पुढे ७३ तासांच्या सुमाराला सूर्य वापरून दिशा तपासली होती, कारण कचऱ्यातसुद्धा सूर्य चुकत नाही. मी थांबू शकलो नाही, तेव्हाच करून बघितली. तारा क्रमांक ४६ म्हणजे सूर्य, कॉम्प्युटरला सांगितलं तिकडे वळ, यान सावकाश वळलं, आणि दुर्बिणीच्या वरच्या कडेला सूर्याचा गोळा आत आला. मधोमध नाही, पण आत. एका अंशाच्या आत चूक. फोन अजून चालू होता, मावसभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे माझी वजाबाकी बरोबर होती ना?"

सेव्ह केलंय. अक्वेरियसचं इंधन अपेक्षेपेक्षा थोडं कमी आहे, थ्रस्टरचं, पण चालेल. पुढचा टप्पा ६१ तास २९ मिनिटांचा बर्न, चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या इंजिनवर साधारण अर्धा मिनिट, यानाला परत पृथ्वीकडे येणाऱ्या वाटेवर लावायला. रविवारी सकाळी करणार आहे, मावसभावाची सुट्टी बघून. कोणाकडे डॉकिंग रिंगचा आकडा शून्य न धरता केलेला अनुभव असेल तर सांगा, परतीच्या वेळी हेच गणित उलटं करून अक्वेरियसकडून ओडिसीला दिशा परत द्यायचीय.