बीलसरांच्या बाटल्या

अमेरिकेत ईस्ट लान्सिंगमध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचं नाव काढलं की लोक फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलवर सुरू होतात. मला मात्र इथला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो विल्यम जेम्स बील, वनस्पतीशास्त्राचा प्रोफेसर, आणि त्याच्याबद्दल कुणाला फारसं माहीत नाही म्हणून हे लिहितेय.

बील १८३३ चा, मिशिगनमधल्याच शेतकऱ्याचा मुलगा. ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये शिकला, मग हार्वर्डला वनस्पतीशास्त्रज्ञ आसा ग्रे आणि प्राणीशास्त्रज्ञ लुई अगासी यांच्या हाताखाली, आणि १८७० मध्ये इथे शिकवायला आला तो १९१० ला रिटायर होईपर्यंत इथेच. तेव्हा हे साधं शेतकी कॉलेज होतं. शिकवायची पद्धत म्हणजे पोरांच्या हातात आधी रोप द्यायचं, बघा म्हणायचं, काय दिसतं ते सांगा म्हणायचं, पुस्तक नंतर. मक्याच्या दोन जाती शेजारीशेजारी लावून एकीचे तुरे (म्हणजे नरफुलं) खुडायचे आणि संकराने उत्पन्न वाढतं का बघायचं, हेही त्याने त्या काळात केलं. १८७३ मध्ये रेड सीडर नदीजवळ बोटॅनिकल गार्डन सुरू केली, ती अजून चालू आहे.

पण खरी गोष्ट बाटल्यांची.

शेतकऱ्यांचा प्रश्न साधा होता, तण काढून काढून ते कधीतरी संपतं का? मातीतलं बी किती वर्षं जिवंत राहतं? म्हणून १८७९ मध्ये बीलने २० बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळू आणि २१ जातींचं प्रत्येकी ५० बी, आणि कॅम्पसवर पुरून टाकल्या, बूच न लावता, तोंड खाली करून तिरप्या, म्हणजे आत पाणी साचायला नको. दर ५ वर्षांनी एक काढायची असं ठरलं होतं. पुढच्या लोकांनी ते अंतर आधी १० वर्षं केलं आणि नंतर २०, कारण काही बिया मरायचं नावच घेईनात! बील १९२४ ला गेला, प्रयोग चालूच राहिला, एका प्रोफेसरकडून दुसऱ्याकडे नकाशासकट. जागा कुठे ते मोजक्याच लोकांना माहीत असतं, आणि खोदतात ते अंधारात, कारण उजेड लागला तर काही बिया तेवढ्यावरच उगवायला लागतात.

गेली बाटली २०२० ला निघायची होती, कोविडमुळे २०२१ च्या एप्रिलमध्ये निघाली, पहाटे, थंडीत, मंद हिरव्या दिव्यांच्या उजेडात, कारण त्या उजेडाने बिया उगवायला लागत नाहीत. १४० वर्षांपेक्षा जास्त काळ मातीत असलेलं बी उगवलं! उगवलेली जवळपास सगळी रोपं व्हर्बॅस्कम नावाच्या रानटी झाडाची, आणि डीएनए तपासला तेव्हा त्यातलं एक संकरित निघालं. त्या बाटल्या भरल्या तेव्हा डीएनए तपासणं म्हणजे काय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी त्याच बाटलीतून हे उत्तर मिळालं, मला हे फारच भारी वाटतं.

आता ४ बाटल्या उरल्यात, पुढची २०४० ला, शेवटची २१०० ला. इथले वनस्पतीशास्त्राचे प्रोफेसर फ्रँक टेलेव्स्की सर हा प्रयोग सांभाळत होते, त्यांनी २०२१ च्या टीममध्ये मुद्दाम तरुण प्राध्यापक घेतले, म्हणजे पुढच्या खेपेला जागा माहीत असलेलं कुणीतरी नोकरीत असेल.