आमची वाटचाल : आधी जुना भाग, मग नवा

जुन्या गाड्या आणि ट्रक मूळ रूपात आणणाऱ्या आमच्या वर्कशॉपमध्ये गाडी आली की लगेच तिला पाना लागत नाही. आधी फोटो, मग नंबर. चेसिसवरचा, इंजिनवरचा, गिअरबॉक्सवरचा, अगदी डायनॅमोवरचासुद्धा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर पार्ट नंबरशेजारी महिना आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. ते गाडी कारखान्यातून निघण्याच्या थोडं आधीचं असेल, तर तो भाग पहिल्यापासून त्याच गाडीवर आहे असं धरायला हरकत नाही. ही सगळी नोंद वहीत उतरल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. तो पहिल्या दिवशी कोणी लिहून ठेवला नव्हता, काम करता करता ठरत गेला.

सुरुवात साध्या गॅरेजची. ट्रकचे पाटे चढवायचे, ब्रेक बांधायचे, इंजिन उतरवायचं, ही रोजची कामं. जुने ट्रक आमच्याकडे यायचे ते दुसरीकडे कोणी हात लावत नसे म्हणून. “पार्ट मिळत नाही, इंजिनच बदला,” हे उत्तर मालकाने चार ठिकाणी ऐकलेलं असायचं. आमचे थोरले मेस्त्री असं कधी म्हणाले नाहीत. काढलेला भाग पुसून हातात घ्यायचे आणि विचारायचे, “झिजलाय की तुटलाय?” झिजला असेल तर भर घालून किंवा बुश मारून तो पुन्हा मापावर आणायचा. तुटला असेल तर का तुटला हे आधी शोधायचं, नाहीतर त्याच जागी बसवलेला दुसराही तुटणार. आज आमचं सगळं काम याच प्रश्नावर चालतं.

धंद्याची दिशा बदलली ती एका शेव्हरोले ट्रकमुळे. त्यात २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. शेव्हरोलेने ते १९३७ ते १९५३ या काळात वापरलं. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात, सुटे बेअरिंग शेल नसतात. व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, थेट रॉडमध्येच ओतलेलं असतं. रॉडच्या टोपीला खाली एक छोटी पळी असते. रॉड खाली आला की ती तेल उचलते आणि बेअरिंगला पोचवते. १९५४ पासूनच्या ट्रकमध्ये २३५ घनइंचाचं इंजिन आलं, त्यात रॉडलाही पंपाच्या दाबाने तेल मिळतं. म्हणून बरेच जण जुनं काढून हेच बसवतात. मालकालाही तोच सल्ला मिळाला होता. २३५ उत्तम इंजिन आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या ट्रकचं मूळ इंजिन शाबूत होतं, क्रँक सरळ होता, ब्लॉकला तडा नव्हता. गेलं होतं ते फक्त व्हाइट मेटल. तेवढ्यासाठी सबंध इंजिन भंगारात घालणं आम्हाला पटेना.

व्हाइट मेटल नीट ओतणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके. त्यात मुख्य कथील, जोडीला अँटिमनी आणि तांबं. जुनं मेटल वितळवून काढायचं, रॉडचं भोक तेलाचा अंशही राहणार नाही असं साफ करायचं, मग आतून कल्हई. कल्हई जिथे धरली नाही तिथे मेटलही धरत नाही, आणि ती जागा वरून दिसत नाही. रॉड साच्यात ठेवायचा, साचाही तापवून घ्यायचा. मेटल किती तापलं ते बघायला मेस्त्री त्यात लाकडाची काडी बुडवायचे. काडी करपून तपकिरी झाली तर ठीक. तिने पेट घेतला तर मेटल जास्त तापलं. मग एका दमात ओतायचं, धार मध्ये तुटू द्यायची नाही. गार झाल्यावर रॉड टांगून हलकेच ठोकायचा. आवाज खणखणीत आला तर मेटल धरलंय, बद आला तर सगळं पहिल्यापासून.

त्यानंतर बोअरिंग, आणि शेवटी निळा रंग लावून, कुठे टेकतं ते बघून, स्क्रेपरने खरवडणं. जिथे निळा उठतो तेवढाच उंचवटा काढायचा, पुन्हा बसवायचं, पुन्हा बघायचं. टोपी आणि रॉड यांच्यामध्ये शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, असतात. पुढे झीज झाली की एक शिम काढली, टोपी तेवढी वर आली, इंजिन परत कामाला लागलं. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच या इंजिनाच्या पुढच्या दुरुस्तीची सोय त्यात करून ठेवलेली होती. या गाड्या बनवणाऱ्यांनीच त्या दुरुस्त होत राहाव्यात असं धरलं होतं, हे आम्हाला त्या कामात लख्ख दिसलं. तो ट्रक स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडला. त्यानंतर नव्या गाड्यांची कामं आम्ही हळूहळू थांबवली.

मूळ भाग म्हणजे नेमकं काय, हे शिकवलं युद्धकाळातल्या जीपने. १९४१ ते १९४५ मध्ये ती विलीजने बनवली आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही. एकीचे भाग दुसरीला बसतात, सैन्याला तेच हवं होतं. पण फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ हे अक्षर ठोकलं. चेसिसचा अगदी पुढचा आडवा भाग विलीजमध्ये गोल नळीचा, फोर्डमध्ये चौकोनी घडणीचा. आमच्याकडे आलेल्या एका जीपचं चेसिस फोर्डचं आणि इंजिन विलीजचं निघालं. मालक फोर्डचं इंजिन शोधायच्या तयारीत होते. आम्ही त्यांना थांबवलं. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये अशा अदलाबदली सर्रास होत. ते इंजिन तिथेच बसलं असण्याची शक्यता मोठी होती. जोडी जुळवण्याच्या नादात गाडीचा खरा इतिहास पुसला गेला असता. दोन्ही नंबर वहीत नोंदले आणि आहे तेच इंजिन बांधलं. अक्षर ठोकलेले नवे बोल्टही विकायला असतात. एका विक्रेत्याने तसे आम्हाला जुने म्हणून दिले होते, पण अक्षराच्या कडा इतक्या धारदार होत्या की हात फिरवताच कळलं.

बोल्टच्या आट्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जुन्या गाड्यांचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन यूएनसी पद्धतीच्या आट्याचा ६०. पाव इंच किंवा ३/८ इंच मापात दोन्हींचे इंचामागचे आटे सारखेच, म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्यात सहज जातो. जातो, पण नीट टेकत नाही. कालांतराने ढिला होतो किंवा भोकातले आटे खातो. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे निदान अडकतो तरी. मॉरिसच्या काही जुन्या इंजिनांची गोष्ट याहून वेगळी. त्यांचा वारसा हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्याचा, जो मॉरिसने १९२३ साली घेतला. त्यामुळे आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या पान्याचं. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याच्या हातात पहिल्यांदा आट्यांचा गेज येतो, पाना नंतर.

भाग मिळवण्याचा क्रमही असाच ठरला. आधी गाडीचा स्वतःचा भाग दुरुस्त करायचा. नाहीच झाला तर त्याच काळातला, त्याच नंबरचा शोधायचा. बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यावर अजूनही मेणकागदात गुंडाळलेले, कधी न वापरलेले किंगपिन, गिअर, व्हॉल्व्ह सापडतात, आणि असा माल आम्ही गरज नसतानाही घेऊन ठेवतो. तोही नाही मिळाला तर मूळ मापावर नवा बनवायचा आणि आतल्या बाजूला आमची खूण व वर्ष ठोकायचं. उद्या दुसऱ्या कोणी गाडी उघडली तर त्याला हा भाग जुना वाटता कामा नये.

काही ठिकाणी मात्र आम्ही जुन्याचा आग्रह मुळीच धरत नाही. रबर कितीही जपून ठेवलेलं असो, ते वयाने मरतं. ब्रेकचे होस आणि सील कायम नवेच. ॲसबेस्टॉसचे जुने ब्रेक लायनर आम्ही बसवत नाही, आणि ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवायला सक्त मनाई आहे. कार्ब्युरेटरमधले बुचाचे फ्लोट लाखेच्या थराने बंद केलेले असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे प्रत्येक पॉलिशवाल्याला ठाऊक असतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तेच होतं, म्हणून तिथे पितळी फ्लोट. आणि ट्रकच्या लॉक रिंगच्या, म्हणजे टायर सुट्या कड्याने धरून ठेवणाऱ्या, चाकांबाबत तर आम्ही मालकाचंही ऐकत नाही. रिंग गंजलेली किंवा वाकलेली असेल तर ती बाद. हवा चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरायची, कारण सुटलेली रिंग माणसाचा जीव घेते.

कारपेक्षा ट्रकचं काम अवघड, आणि आमचा जीव ट्रकवरच जास्त. कार कोणीतरी हौसेने झाकून ठेवते. ट्रक शेवटपर्यंत राबवला गेलेला असतो. चेसिस कापून लांबवलेलं, हौदा बदललेला, पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेलं. मग पुरावे शोधावे लागतात. चेसिसवरच्या रिकाम्या भोकांवरून मूळ ब्रॅकेटची जागा कळते. नंबर प्लेटच्या मागे पाणी मारून बारीक पॉलिश पेपरने घासत गेलं की रंगाचे थर एकाआड एक उघडे पडतात आणि तळाशी कारखान्याचा रंग लागतो. कित्येक जुन्या केबिनचा सांगाडा लाकडाचा, वर पत्रा. लाकूड कुजलं की दार लोंबतं, आणि लोक पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरत बसतात. म्हणून आता आमच्याकडे डेंटरइतकाच सुतारही महत्त्वाचा आहे.

सध्या अशाच एका ट्रकची केबिन उघडी आहे. दाराच्या खांबाचं लाकूड इतकं गेलंय की मूळ सांधा कसा होता ते त्याच्यावरून सांगता येत नाही. दुसरं दार थोडं बरं आहे, त्यावरून उलटा साचा काढतोय. ट्रकचे जुने पार्ट कॅटलॉग आणि वर्कशॉप मॅन्युअल कारच्या मानाने फारच कमी उरले आहेत. कोणाच्या घरी पडून असतील तर रद्दीत घालू नका. आम्हाला पानांचे फोटो काढू द्या, मूळ प्रत तुमचीच राहील.