आधी पट्टी, मग पोलीस

तो काउंटर आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

लेक पंधरा वर्षांची. सोलापूरचा एप्रिल, तरी पोरगी घरातसुद्धा लांब बाह्या वर करायची नाही. एका रात्री बाहीला रक्त दिसलं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून तिला रिक्षानं जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं.

काउंटरवरच्या माणसानं सगळ्यांसमोर विचारलं, "स्वतःच केलं का?" तिनं मान खाली घातली. "मग पोलीस केस आहे. आधी चौकीत जाऊन या." मी म्हटलं, अहो, पट्टी तर करा. "पोलिसांशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत." पाऊण तास बाकड्यावर बसलो, माझी ओढणी तिच्या हाताला गुंडाळलेली. ती सारखं म्हणत होती, "आई, घरी चल ना. सगळे बघतायत." शेवटी सिव्हिलला गेलो. तिथं आधी जखम धुतली, ड्रेसिंग केलं, नोंद मागाहून झाली.

तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ तर आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं. त्या रात्री हे ठाऊक असतं तर मी तिथून हलले नसते. काउंटरवर एवढंच सांगा, "जखम झालीय, बाकीचं डॉक्टरांना आत सांगते."

पुढे मानसोपचाराची ओपीडी, समुपदेशन सुरळीत झालं. डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" मी दचकले. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असं त्यांनी मला नंतर समजावलं. ती म्हणाली, "मरायचं नव्हतं. आतली तगमग थांबत नव्हती."

एक राहिलंच. सुरुवातीला मी तिला गळ्याची शपथ घातली होती. तेवढं करू नका. शपथ मोडली की पोरं लपवायला लागतात. धारदार वस्तू आणि औषधं मात्र कुलपात ठेवा. आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रीजवर लावून ठेवा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. एकदा रात्री दोन वाजता मीच लावला होता, माझ्यासाठी.

परवा मी भाकरी थापत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "आई, आज परत तसं वाटतंय." मी गॅस बंद केला.