माझे हात वाजले, त्याविषयी

बुधवार, रात्र

रविवारचा फुटबॉलचा सामना होऊन तीन दिवस झाले आणि माझ्या भावाचा, बाळूचा फोन अजून आलेला नाही. माझ्या लग्नाला 22 वर्षे झाली. या 22 वर्षांत आमच्या तालमीचा सामना झाला आणि त्या रात्री त्याने मला फोन केला नाही, असे एकदाही घडल्याचे मला आठवत नाही. सुरुवातीला तो कोपऱ्यावरच्या दुकानातून करी, पुढे हातात मोबाइल आला. गोल कोणी केला, कोणाचा पाय मुरगळला, पंचांनी कोणता ऑफसाइड द्यायला नको होता, हे सारे तो एका दमात सांगे आणि मी भाकरी थापता थापता ऐकत असे. तो स्वतः डाव्या बगलेवर खेळत होता तेव्हा स्वतःच्या चुकाही तो याच फोनवर सांगायचा, घरात कोणाला सांगत नसे.

वर मी ‘आमच्या तालमीचा’ असे लिहिले आहे. लिहिताना हात थांबला. तीन दिवस मी याच एका शब्दाशी अडले आहे, म्हणून ही वही काढली.

घडले ते एवढेच. दोनचा सामना संपून चारचा सुरू व्हायचा होता. बाळूने माझे तिकीट आधीच काढून ठेवले होते आणि नेहमीप्रमाणे मला शिवाजी पेठेच्या पोरांमध्ये, स्वतःच्या शेजारी बसवले. एका बाजूला मी जन्मले त्या पेठेचा संघ आणि दुसऱ्या बाजूला मी नांदते त्या मंगळवार पेठेचा. हा सामना वर्षातून एकदा-दोनदा येतोच आणि दर वेळी मी माहेरच्या बाजूला बसते, हे दोन्ही घरांना ठाऊक आहे. उत्तरार्धाची शेवटची दहा मिनिटे उरली असताना माहेरच्या संघाला पेनल्टी मिळाली. आमच्या बाजूची हलगी एकदम थांबली. गोलरक्षकाने उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू खांबाबाहेर काढला. समोरच्या गॅलरीत जल्लोष उसळला, आमच्याकडची पोरे डोक्याला हात लावून खाली बसली आणि त्यांच्या मधोमध माझे हात वाजले. दोनदा, फार तर तीनदा वाजले असतील. बाळूने मान वळवून माझ्याकडे पाहिले. “चांगला अडवला,” एवढेच म्हणाला आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदानाकडे बघत राहिला. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तो मला मिरजकर तिकटीला रिक्षापर्यंत सोडायला आला, “दाजींना विचारलंय म्हणून सांग आक्का,” असे नेहमीसारखेच म्हणाला, आणि रात्री फोन आला नाही.

मी माहेरच्या तालमीची कधी झाले, हे मला सांगता येत नाही. मला कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. आम्हा मुलींनी तालमीचा उंबरा कधी ओलांडला नाही. आत मारुती, हौद्यात तांबडी माती आणि लंगोट लावलेली माणसे, तिथे आमचे काय काम होते? शाहू महाराजांनी आमच्या कोल्हापूरला कुस्तीचे वेड लावले, 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, गल्लोगल्ली तालमी नांदू लागल्या आणि पुढे त्याच तालमींची पोरे चेंडूमागे धावू लागली. म्हणून आमच्या संघांची नावे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशी आहेत. ज्या तालमीचा गणपती त्याच तालमीचा संघ, आणि दोन्हींची वर्गणी मागायला येणारी पोरेही तीच. परगावच्या माणसाला फुटबॉलचा निकाल वाचून कुस्तीचे मैदान झाले असे वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

माझ्या वाट्याला तालीम आली ती दोरीवरून. सामना झाला की संघाच्या जर्सी आमच्या परड्यात धुतल्या जात. आई चुबकायची, मी वाळत घालायची, आणि क्रमांक लावूनच घालायची. कोण किती वेळा पडला, कोण डाव्या कुशीवर घसरतो आणि कोण कपडे न मळवता परत येतो, हे मला त्या चिखलाच्या डागांवरून कळायचे. निकालही कानांनीच कळे. बिनखांबी गणेश मंदिरापाशी हलगी आणि घुमके वाजू लागले की जिंकलो, आणि पोरे सायकली हातात धरून मुकाट्याने गल्लीत शिरली की हरलो. शाहू स्टेडियम मी आतून पहिल्यांदा पाहिले ते लग्नानंतर. म्हणजे एकही सामना न पाहता मी त्या संघाची 20 वर्षे होते, आणि आज अंकांनिशी सगळा हंगाम पाठ असणाऱ्या कोणाही पोराइतकीच होते, असे मी छातीवर हात ठेवून लिहिते. आबा सांगत की जिथे आज स्टेडियम आहे तिथे रावणेश्वराचे तळे होते, ते बुजवून मैदान केले. आमच्या पेठेचे गांधी मैदान तर वरुणतीर्थावर झालेले. अजून पावसाळ्यात तिथे पाणी साठते आणि पोरांचा सराव बंद पडतो.

मग मी मंगळवार पेठेत आले. चालत वीस मिनिटांचे अंतर आहे, त्यामुळे लांब दिली असे कोणी म्हणाले नाही. आडनाव बदलले, कुलदैवत बदलले, चटणीचे प्रमाण बदलले, झोपायची आणि उठायची वेळ बदलली. यातले काहीच मला जड गेले नाही, किंवा गेले असेल तरी मी ते बोलले नाही. एवढी एक गोष्ट मात्र मी पदराला बांधून ठेवली होती. पहिल्याच वर्षी एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमच्या लोकांनी, म्हणजे इकडच्या लोकांनी, माहेरच्या संघाला हरवले आणि गुलालात न्हालेली मिरवणूक दाराशी आली. सासूबाईंनी ओवाळणीचे ताट माझ्या हातात दिले. त्यांच्या मनात काही नव्हते. नवी सून होते, मान माझा होता. ज्यांनी दीड तासापूर्वी माझ्या भावाला रडवले त्यांना मी कुंकू लावले आणि आत येऊन चुलीकडे तोंड करून उभी राहिले. त्या रात्री बाळूने फोनवर विचारले, “ओवाळलंस?” मी हो म्हटले. तो म्हणाला, “मग, ओवाळायलाच पाहिजे.”

त्यानंतर या दोन संघांचा सामना आला की मला घरातल्या घरात चोरासारखे वाटे. सामन्याच्या दिवशी हे आणि बाळू एकमेकांशी बोलत नसत. त्या दिवशी मी माहेरी जात नसे. दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले, असेही हंगाम या गावाने पाहिले आहेत, आणि अशा रात्री मी दोन्हीकडच्या पोरांची काळजी करत जागी राहिले आहे. खेळावरच्या प्रेमापोटी आई-बहिणींवरून घोषणा देणाऱ्यांना मी कधी माफ करू शकले नाही, मग ते कुठल्याही पेठेचे असोत. पण ते राहू दे.

सोमवारी मी स्वतःला एक कारण दिले. तो गोलरक्षक आमच्या मागच्या गल्लीतला. सात-आठ वर्षांचा असल्यापासून तो दुपारी तीन वाजता माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चेंडू मारतो. धप्प, मग क्षणभर काही नाही, मग वाळूच्या ढिगावर पडल्याचा आवाज. मी किती ओरडले असेन याला गणती नाही. भिंतीचा गिलावा ह्यांनी दोनदा करून घेतला आणि डब्यांची फळी मी शेवटी समोरच्या भिंतीवर हलवली. ते पोरगे उजवीकडे लवकर झेपावते आणि डावीकडे त्याला क्षणभर उशीर होतो, हे मला त्या आवाजांवरून कितीतरी वर्षांपूर्वी कळले होते. पेनल्टी मारणाऱ्याने पाय मागे नेला तेव्हा मी मनात ‘उजवीकडे’ म्हटले आणि चेंडू उजवीकडेच आला. तेव्हा हात वाजले ते ओळखीच्या पोरासाठी, संघासाठी नव्हेत, असे मी ठरवून टाकले आणि सोमवारची झोप लागली.

मंगळवारी ते कारण मला पुरेना. कारण हात वाजण्याच्या आधी ओठांवर एक शब्द आला होता, जो बाळूला ऐकू गेला नसेल पण मला गेला. मी “आपल्या पोरानं” असे म्हणाले होते. आपल्या. हा शब्द मी कधी बदलला? 22 वर्षांत कुठल्या दिवशी?

धाकट्या भाऊजींना फोनवर सहज सांगितले, तर त्यांना यात काही विशेष वाटले नाही. ते पुण्यात असतात. 2014 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा ते एफसी पुणे सिटीचे झाले, बालेवाडीला जाऊन ओरडून घसा बसवून घ्यायचे, आणि 2019 मध्ये तो संघच बंद झाला. आता ते मध्यरात्री जागून एका इंग्लिश संघाचे सामने पाहतात. त्यांच्या प्रेमाला मी कमी लेखत नाही. संघ बंद झाला त्या आठवड्यात ते जेवत नव्हते, असे जाऊबाई सांगत होत्या. पण त्यांनी संघ निवडला होता, आणि तो गेल्यावर दुसरा निवडता आला. आमच्याकडे निवड हा प्रकारच नाही. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगमध्ये वरिष्ठ गटात 16 संघ, सगळे याच गावचे. देशाच्या मोठ्या लीगमध्ये यांतला एकही नाही, आणि तरीही भर उन्हात दोन वाजल्यापासून स्टेडियम भरते. तिथे बसलेल्या कोणालाही विचारा, तो संघाचे नाव सांगण्याआधी गल्लीचे नाव सांगेल.

आणि तरीही खेळणारी पोरे बदलतात. हंगामाच्या सुरुवातीला नोंदणी होते तेव्हा या पेठेतला खेळाडू त्या पेठेकडे जातो. लोक दोन दिवस चिडतात आणि मग त्याच्या पहिल्या गोलाला नवी पेठ नाचते. नायजेरियाहून आलेले खेळाडू गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत राहतात आणि होळी येईपर्यंत लहान पोरे त्यांना हाक मारून आपल्या दारात बोलावतात. अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा माहेर आणि सासर, दोन्ही घरांत एकाच वेळी टीव्ही लागला होता आणि तो कुठल्या पेठेतला हे त्या रात्री कोणी काढले नाही. खेळाडूला सारे मोकळे आहे. बघणाऱ्याने मात्र जन्मभर एकाच जागी बसायचे, आणि बघणारी असेल तर लग्न होईपर्यंत एका आणि नंतर दुसऱ्या, असे कोणीतरी ठरवले आहे आणि मी ते मान्य न करता पहिल्याच जागी हट्टाने बसून राहिले, याचा मला इतकी वर्षे अभिमान होता. रविवारी तो अभिमान गेला, आणि तो गेल्याचे दुःख मी तीन दिवस ‘बाळू रागावला’ या नावाखाली करत होते, असे आता लिहिताना वाटते.

पण मग परड्यातल्या दोरीने मला तिकडची केले, हे खरे असेल, तर भिंतीवरच्या त्या आवाजाने मला इकडची केले, हेही खरेच असले पाहिजे. तेव्हाही मला कोणी विचारले नव्हते. जर्सी वाळत घालताना मी कुठे ठरवले होते की आजपासून ही तालीम माझी? रोज हाताखालून गेले ते माझे झाले. मग रोज कानावरून जाते ते माझे होणार नाही, असे मी कशाच्या जोरावर धरून चालले होते? एका पेठेची झाल्याने दुसरी सुटली असती, तर पेनल्टी मिळाली तेव्हा माझ्या पोटात आनंदाचा गोळा आला नसता. आणि तो आला होता, हात वाजण्याच्या आधी, अगदी स्पष्ट आला होता. दोन्ही एका मिनिटाच्या आत झाले. यात खोटे कोणतेच नव्हते. बाळूला हे फोनवर सांगता येईल का, ठाऊक नाही. तो ओवाळणीच्या रात्री जे म्हणाला होता, ते मात्र आज पुन्हा पुन्हा आठवते आहे.

हे लिहीत असतानाच सव्वादहाला त्याचा मेसेज आला. ‘घसा पूर्ण गेलाय, डॉक्टरनी बोलू नको म्हटलंय. रविवारी दोनला आपली मॅच. तिकीट काढू?’

मी ‘दोन काढ’ असे कळवले. धाकटी किती दिवस मागे लागली आहे. शाळेच्या संघात ती बचावाला खेळते, एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली भारतीय महिला लीगमध्ये खेळून आल्या त्याची कात्रणे तिने कपाटाला आतून चिकटवली आहेत, पण स्टेडियममध्ये तिला मी अजून नेलेले नाही. ती जन्मापासून या पेठेतली आहे आणि तो भिंतीवरचा चेंडू अनेकदा तीच उचलून परत देते. आता झोपायला जाताना तिने दारातून विचारले, “आई, कुठल्या बाजूला बसायचं?”

मी म्हटले, “मामा असेल तिथे.”